पॉवर सप्लायवरचं कुंकू

रविवारी सकाळी हॉलमध्ये पेपर अंथरला, त्यावर माझा डेस्कटॉप आडवा टाकला आणि स्क्रू काढायला बसले. नाश्ता कोणी विचारायचा नाही, हे आधीच जाहीर केलं होतं...

कारण सांगते. मी रायपूरला शंकर नगरात घरूनच इंटिरिअरची थ्रीडी ड्रॉइंग्ज करते. तेलीबांध्याच्या एका फ्लॅटचं काम हातात होतं आणि क्लायंटला आख्खं घर स्क्रीनवर फिरवून दाखवायचं होतं. माझं जुनं मशीन मात्र एका सोफ्याची सावली काढायलाही जांभया देत होतं.

तेवढ्यात नागपूरच्या दिरानं त्याचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड पाठवलं. चांगलं दणदणीत आहे, अशी चित्रं झरझर काढणारं. नवरा लगेच म्हणाला, "लाव न व, पाहून काय राहिली? काई होत नाई!"

याचं "काई होत नाई" मी चांगलं ओळखून आहे. याच वाक्यावर आमचा गीझर गेला होता. कार्ड वीज जास्त ओढतं, आणि पॉवर सप्लायला ते झेपलं नाही तर तो स्वतः जातोच, कधीकधी बोर्ड आणि डिस्कलाही सोबत घेऊन जातो. माझं ऑफिस म्हणजे तो एकच डबा आहे हो... तो गेला की हे काम गेलं, आणि पुढचीही.

मशीन जोडून देणाऱ्या भैयाला फोन लावला. "चलेगा दीदी, आराम से चलेगा." सप्लाय किती वॉटचा टाकला होता? "वो तो देखना पड़ेगा." झालं! म्हणजे बघायचं मलाच.

प्लग काढला, झाकण काढलं. वरच्या कोपऱ्यातला पत्र्याचा ठोकळा म्हणजे पॉवर सप्लाय, आणि सगळे आकडे त्याच्या स्टिकरवर असतात. बघते तर काय... स्टिकरवर लालभडक थर! म्हटलं आत काही जळलं की काय. बोट फिरवून पाहिलं तर कुंकू. हळदीसकट.

हे काम कोणाचं, ते विचारायची गरजच नव्हती. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मूळच्या यवतमाळकडच्या. दसऱ्याला घरातलं एकही अवजार त्यांच्या हातून सुटत नाही... स्कूटी, मिक्सर, कात्री, नवऱ्याचं हेल्मेटसुद्धा. कंप्युटरला बाहेरून टिळा असतो हे मला माहीत होतं. पण दसऱ्याच्या साफसफाईत मी वरवर ब्रश फिरवून झाकण उघडंच ठेवते आणि स्वयंपाकाला पळते, तेवढ्यात हा कार्यक्रम उरकत असणार.

खरं सांगू? माझं डोकंच फिरलं. एक तर आई माझ्या कामाला काम म्हणत नाहीत. सून काय करते असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "ते राह्यते दिवसभर डब्ब्यापुढं बसून." आणि आता त्याच डब्ब्यात कुंकू! मी तणतणत फडकं ओलं करून आणलं.

"काहून व, काय पुसून राहिली?" आई देवघरातून बाहेर आल्या.

"आई, आतमध्ये कुंकू कशाला? बाहेर लावता ना?" माझा आवाज जरा चढलाच.

"बाहेरच्या पत्र्याले लावून काय होते? तूच तं सांगतलं होतं मले, साऱ्या मशीनले करंट इथूनच जाते म्हनून. तुयं सारं काम त्याच्यावर. मंग मी दरसाली तिथंच लावतो."

हे मी कधी सांगितलं, मला काही केल्या आठवेना. कधीतरी धूळ झटकताना बोलून गेले असेन... यांनी ते जपून ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

"वल्लं फडकं कायले? करंटची वस्तू हाय ते," म्हणत आईंनी फडकं काढून घेतलं. देवघरातली कापसाची वात आणली, थेंबभर खोबरेल लावलं. आधी ठोकळ्याला हात जोडले, मग अलगद पुसायला लागल्या.

आकडे निघाले. मोठ्या अक्षरात ४५० वॉट. नवरा खूश, "पाय, म्या म्हटलं नव्हतं?"

पण मोठा आकडा दाखवायचा असतो. खरी ती बारीक ओळ, बारा व्होल्टची, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः तिच्यावरच जगतात. तिथं होते जेमतेम अठरा अँपिअर. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा वॉट. दिराचं कार्ड एकटंच दीडशे खाणार, प्रोसेसर नव्वदच्या पुढे... गणित तिथंच आटोपलं. आईंना म्हटलं, पंगत मोठी आहे आणि कणीक दोघांपुरतीच मळलीय.

"मंग नोको लावू," आई म्हणाल्या. आणि मुलाकडे वळून, "अन् तू चूप बस."

दुपारी चांगल्यातला नवा सप्लाय आणला, बारीक ओळ दुकानातच वाचून. बसवला, कार्ड चढवलं... आणि सोफ्याची सावली झरकन आली! काल क्लायंटला घर दाखवून झालं. स्वयंपाकघराचा रंग सोडून सगळं पसंत आहे.

पण त्या दिवशी झाकण लावणार एवढ्यात आई करंडा घेऊन हजर. दसऱ्याची वाट कोण बघतंय! चष्मा सारखा केला, नवं स्टिकर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "कोन्ता आकडा लागते तुले? तो सोडून लावतो."

मी बारीक ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ सोडून बरोबर वरच्या कोऱ्या जागेत टिळा लावला.

माझ्या कामाला काम म्हणत नाहीत म्हणून मी इतकी वर्षं मनातल्या मनात कुढत होते... आणि त्या दर दसऱ्याला त्याच कामाला हात जोडत होत्या. आई फेसबुकवर नाहीत. चहा झाला की त्यांना हे वाचून दाखवते.