हेल्मेटवाल्यांना रामराम

रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला रामराम न घालता जाऊ देणं हे आमच्या वलगावच्या मामांच्या लेखी खुनापेक्षा जरासंच कमी पाप आहे. ओळख असो वा नसो. एसटी गेली तर ड्रायव्हरला एक आणि खिडक्यांना मिळून एक. अमरावतीत राजापेठेला आमच्याकडं भाजी घेऊन येतात तेव्हा शिकवणीचे वर्ग सुटायची वेळ टाळा, असं मी विनवतो. कारण एकदा पोरांच्या लोंढ्याला एकेक रामराम घालत उभे राहिले आणि पिशवीतला पालक उन्हात मान टाकून बसला. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यालाही ते सोडत नाहीत. मी हसलो तर म्हणाले, "फोटो असंल, पण हात त्यानं पयले जोडले ना?"

असा हा माणूस सख्ख्या धाकट्या भावाशी पाचेक वर्षं बोलत नव्हता. कारण ऐका. मामांची फटफटी दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेलेली नाही. पुढचे गिअर शोभेसाठी दिलेत असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या मुलीच्या साक्षगंधाला तेल्हाऱ्याचे धाकटे मामा नव्या व्याह्यांदेखत म्हणाले, दादाच्या गाडीला बैल जुंपलेत. अख्खा मांडव हसला. झालं! "लहान्यानं पयले बोलाव," हे मामांचं पालुपद सुरू झालं. धाकटेही त्याच मातीचे, त्यांनीही तोंड शिवून घेतलं. माझी आई बिचारी दर राखीला दोन भावांना दोन वेगळ्या वेळा द्यायची.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून अमरावतीला रस्ता सुरक्षेची मोठी मोटारसायकल रॅली निघाली. त्यात धाकटे मामा आहेत, हे आईनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. मामांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि रॅलीच्या दिवशी धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून राजापेठेत हजर! म्हणे, गर्दी पाहायला आलो.

रॅली आली. काय तो आवाज! शेकडो गाड्या, झेंडे, आणि प्रत्येक डोकं हेल्मेटात. मामांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून एकेकाला रामराम घालायला सुरुवात केली. हात दुखेल म्हटलं तर ऐकेनात. मग त्यांची लबाडी माझ्या लक्षात आली. सगळ्यांनाच घातला की त्यातला एक भावाला लागणार, आणि थोरल्या भावानं पहिले रामराम केला असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. मला हसू आलं.

कुणी हात हलवला, कुणी हॉर्न दिला. तेवढ्यात मधल्या रांगेतलं एक हेल्मेट मामांकडं वळलं आणि त्यानं धावत्या गाडीवर दोन्ही हात सोडून छातीशी जोडले. गाडी डुलली.

"अबे लहान्या, हँडल धर! पडशीन ना बे!" मामा अख्ख्या राजापेठेला ऐकू जाईल असे ओरडले.

हेल्मेटानं हँडल धरलं. मागचे थांबू देईनात, गाडी रेट्यात पुढं निघून गेली. मामा तिकडंच बघत राहिले. त्यानंतरच्या कितीतरी गाड्या रामरामावाचून गेल्या.

शेवटी पहिले तुम्हीच बोललात, असं मी चिडवलं. मामांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि धुळीला एक शिवी घातली. लहान्या आता साठीला टेकलाय, बरं का.

"बोललो तं बोललो," ते म्हणाले. "लहान हाय थो बाबू. पडला असता, तं म्या कोनासंगं अबोला धरला असता?"