दोघा भावांनी उघडायचं दुकान

प्रणिता जगदाळेने लिहिलेला पहिलाच प्रोग्रॅम बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना टोकन देत होता. पण एकच नंबर दोघांना मिळायचा आणि काउंटरवर भांडणं जुंपायची.

"बेटी, उद्यापण असंच झालं तर हे उचलून ने," मालक हिम्मतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडतानाच हजर झाली. हिम्मतरावांनी उदबत्ती ओवाळून प्रोग्रॅम सुरू केला. मग धाकटे भाऊ किसनराव आले. त्यांनीही संगणकाला हात जोडले आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. दुकान दोघा भावांच्या हातांनी उघडायचं, ही वडिलांपासूनची रीत. त्यामुळे एकाच वेळी दोन प्रोग्रॅम चालायचे आणि दोन्ही आपापले एकपासून नंबर वाटायचे.

दुसरा उघडूच न देणं सोपं होतं. पण सकाळी सकाळी 'उघडता येणार नाही' असं वाचून किसनरावांनी अपशकुनच मानला असता. प्रणिताने मिरच्यांच्या पोत्यावर बसून कोड बदलला. आता दुसऱ्यांदा सुरू केलं की चालू असलेलाच प्रोग्रॅम 'नमस्कार' म्हणत समोर येणार होता.

"आता उघडा, काका."

किसनरावांनी उघडला आणि पडद्यावर नमस्कार उमटला. "हौ, आमच्या हातानंपण उघडलं की," ते थोरल्याकडे बघत म्हणाले.

दिवसभरात एकही नंबर दोनदा निघाला नाही. संध्याकाळी हिम्मतरावांनी स्वतः चहा मागवला. "आमच्या उस्मानगंजच्या दुसऱ्या दुकानात कधी बसवतेस?"

"उद्याच. तिथं उघडायला किती भाऊ असतात, तेवढं आधी सांगा."