‘दे.’ म्हणजे देवळा

ऐंशीच्या पुढची एक-दोन वर्षं असतील. नाशिकला आरोग्य खात्यात मी आकडेवारीची कारकून होते. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर नर्सबायांनी घरोघर हिंडून भरलेले पाहणीचे फॉर्म माझ्या टेबलावर यायचे. एकेका उत्तराचा आकडा करून तो कोडशीटवर उतरवायचा, कोडशीट मुंबईच्या कॉम्प्युटरला जाणार, आणि तिथून निघालेल्या तक्त्यावर ठरणार, नवं उपकेंद्र कुठे उघडायचं. जिथे लहान मुलं जास्त दगावतात, त्या भागाचा नंबर पहिला.

‘मूल सध्या कुठे?’ असा एक रकाना होता. घरी असेल तर एक, बाहेरगावी दोन, मयत तीन. एका नर्सबाईंच्या गठ्ठ्यात त्या रकान्यात जागोजाग नुसतं ‘दे.’ लिहिलेलं. डोंगरातली माणसं कांदे काढायला देवळ्याकडे जातात हे आम्हाला ठाऊक. आम्ही बिनदिक्कत देवळा समजलो आणि दोन टाकत सुटलो. मी तर सगळ्यांत झपाट्यानं.

तिसऱ्या दिवशी एका फॉर्मवर वय दिसलं, आठ महिने. आई घरी, बाप घरी, आणि पोर देवळ्याला! शेजारच्या कारकुनांना म्हटलं, “अहो, हे एवढंसं पोर एकटं कांदे काढायला गेलं की काय?” ते हसले, मीही हसले. आणि हसता हसताच मी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं जाऊन नर्सबाईंना गाठलं.

“ताई, देवळा कुठलं?” त्या म्हणाल्या. “देवाघरी.”

“मग सरळ मयत लिहायला काय झालं होतं?” मी खेकसलेच.

“आई समोर बसलेली असते हो. तिला वाचता येत नाही, पण लिहायला माझाच हात उठत नाही.”

मी परतीची एसटी धरली.

साहेबांना सांगितलं तर ते वैतागले. “अहो बाई, गठ्ठा सोमवारी जायचाय. एका रकान्यानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“हा असाच गेला, साहेब, तर सगळ्यांत धडधाकट भाग तोच ठरेल. उपकेंद्र दुसरीकडेच जाईल. कोडशीटवर मी सही करणार नाही.”

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, “शनिवार-रविवार घ्या. पण एकही चूक निघता कामा नये.”

नर्सबाई स्वतः नाशिकला आल्या. खरोखर बाहेरगावी गेलेली मुलं कोणती आणि देवाघरी गेलेली कोणती, त्यांना घर न् घर पाठ होतं. त्या सांगत होत्या आणि मी दोन खोडून तीन करत होते. एरवी खाडाखोडीची मला भारी चीड. त्या दोन दिवसांत मात्र दर खाडाखोडीला डोळे पुसत होते, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मंजुरीच्या यादीत त्या पाड्यांचं नाव पहिलं आलं. उद्घाटनाला कारकुनांना कोण विचारतंय! नंतर एकदा मीच आपली गेले. कौलारू खोली, बाहेर तान्ही पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बाया. त्यातल्या एकीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुमी डाक्टरीन का?”

“नाही गं,” मी म्हटलं, “मी कारकून.” हा शब्द इतक्या तोऱ्यात मी उभ्या जन्मात उच्चारला नव्हता.