काकांच्या टाचेतल्या पेशी

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारचे काका गेले ते टाचेवरच्या एका काळ्या डागामुळे. चप्पल चावली असेल म्हणून त्यांनी कित्येक महिने तिकडे लक्षच दिलं नाही. तो त्वचेचा कर्करोग निघाला. मी परळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. ऑपरेशनआधी संशोधनासाठीचा संमतीचा कागद मीच त्यांना वाचून दाखवला. "घेवा गो, माका तेचो काय उपयोग?" म्हणत त्यांनी हसत सही केली.

काका गेले. त्यांच्या गाठीतल्या पेशी मात्र आमच्याकडे वाढत राहिल्या, अंगाइतक्या उबेच्या कपाटात, गुलाबी द्रवात. दर दोन दिवसांनी तो द्रव बदलायचं काम माझं. त्या पेशींतलं एकेक जनुक बंद करून आम्ही त्यांच्यावर काकांच्याच रक्तातल्या प्रतिकारपेशी सोडत होतो. नेमक्या कोणत्या जनुकाच्या आडोशाने हा रोग लपतो, ते शोधायचं होतं. मायक्रोस्कोपखाली काकाच काकांना हुडकत फिरताहेत असं वाटायचं. मी नजर काढून घ्यायचे.

वर्षश्राद्धाचं पान गच्चीवर ठेवलं. कावळे समोरच्या टाकीवर बसून राहिले, एकही खाली येईना. शेवटी दर्भाचा कावळा शिववला आणि माणसं जिना उतरून घरात गेली. काकूंनी माझं मनगट धरलं.

"त्येंच्या पायाचो तुकडो तुमी नेलेलास ना? त्येचा काय झाला?"

मला खोटं बोलता आलं नाही. "आहे, काकू. वाढतोय."

"जितो आसा?"

"ते काका नाहीत हो. त्यांचा आजार आहे तो."

"पण जीव कोणाचो?"

दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की काकू दारातूनच विचारायच्या, "ते जेवले?" पहिले दोन दिवस मी चपला काढून तशीच आत शिरले. तिसऱ्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "हो, काका जेवले." काकूंचा चेहरा निवळला. मी घाईने दार लावून घेतलं.

पुढे एक जनुक बंद केल्यावर प्रतिकारपेशींनी रोगाच्या पेशींना नेमकं ओळखलं. सकाळी पाहिलं तर पेशी वाढवायची तबकडी जवळजवळ रिकामी. लॅबमध्ये पेढे वाटले. रोग लपायचा ते जनुक सापडलं, असं मी काकूंना सांगितलं.

"गावला ना? मगे आता सोडा त्येंका."

घरच्यांना संमती मागे घेऊन नमुना नष्ट करायला सांगता येतं. काकूंनी अर्ज दिला. गोठवून ठेवलेल्या कुप्या मीच बाहेर काढल्या. त्यांत आणि कपाटातल्या तबकड्यांत ब्लीच ओतलं, तसा गुलाबी रंग क्षणात उडाला. "काका, सांभाळून," असं मी मोठ्याने म्हणाले. का, कोण जाणे.

घरी आले तेव्हा काकू निथळत्या केसांनी दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आदी डोक्यावरसून आंघोळ कर." मी केली.

काकांच्या त्या जनुकाचा क्रम, अक्षर न् अक्षर, अजून आमच्या संगणकात आहे. काकूंना मी ते सांगितलेलं नाही.