दिगंबरभावजींचा कपडेपट

आज दुपारी नागपूरहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. दिगंबरभावजी गेले. देवापाशी दिवा लावला आणि वही घेऊन बसले. त्यांना ओळखणारी, बंगालातल्या आमच्या मराठी मंडळातली माणसं बदल्या होऊन पांगली, तेव्हा मीच लिहायला हवं.

भावजी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत कारकून होते. लग्न केलं नाही. भवानीपुरात आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहात. गणेशोत्सवातल्या नाटकाचा कपडेपट त्यांच्याकडे असे. स्वतः त्यांनी एकदाही तोंडाला रंग लावला नाही. विंगेत सुईदोरा घेऊन उभे राहायचे, कारण दर वर्षी काहीतरी उसवायचंच. मंडळाच्या जुन्या पेटीतले कपडे ओलीनं आणि कसरीनं खाल्ले होते, आणि चितपूरच्या दुकानातून भाड्यानं आणलेली जरी खळीनं चिकटवलेली असे. आमच्या भाद्रपदातल्या घामापुढे ती खळ काय टिकणार? एके वर्षी भर दरबारात एका सरदाराच्या अंगरख्याची बाहीच गळाली, आणि लोक हसले ते पडदा पडेपर्यंत.

एकोणपन्नास साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. पेशवाईतलं नाटक ठरलं. पण कमिटीनं बजावलं, "या खेपेला फजिती झाली, तर ऐतिहासिक नाटक कायमचं बंद. पुढं घरच्या धोतर-सदऱ्यातली नाटकं करू." भावजींनी ते फार मनाला लावून घेतलं.

चितपूरला हे त्यांच्याबरोबर गेले होते. भावजींनी मराठा सरदाराचे कपडे मागितले, तर दुकानदारानं काळा झगा, हातभर मिशा आणि कवटीचा पट्टा काढून दिला. बंगाल्यांच्या लेखी मराठा म्हणजे लुटायला आलेला बर्गी!

"हे आमचे पेशवे?" भावजी म्हणाले.

"घेऊन टाक रे," हे म्हणाले, "निदान कमिटी तरी घाबरेल."

भावजी हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते मोठं गाठोडं घेऊन आले. लढाईनंतर अमेरिकन पलटणीनं मागे टाकलेलं हवाई छत्रीचं कापड! "वहिनी, ओढून बघा. दोघांनी ओढा. माणूस आभाळातून पडतो, तरी हे फाटत नाही. आपले कपडे वीस वर्षं टिकतील."

मी हात लावला. कापड बोटांतून माशासारखं निसटलं. तेव्हाच मनात आलं, याचा कासोटा राहायचा नाही. पण त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मी म्हटलं, "छान आहे हो."

लाल रंगात बुडवलं, तर गुलाबीच झालं. मटियाबुर्जचा शिंपी कुरकुरला, "बाबू, सुई सरकती है." तरी अंगरखे झाले, धोतरं झाली, शेले झाले, लीनासाठी नऊवारी झाली. लीना पेशव्यांच्या पत्नीचं काम करायची. मंडळातल्या मनोहररावांची ही मुलगी इथंच जन्मलेली, मराठीसुद्धा बंगाली हेल काढून बोलायची. नऊवारी ती आयुष्यात पहिल्यांदाच नेसत होती.

गणपती बसले त्या दुपारी पूर्ण पोशाखात तालीम झाली. श्यामकांत पेशवे झाला होता. त्यानं तलवार उपसली, तसा शेला पायाशी आला. तो वाकला, तर धोतर सुटायला लागलं. पोरं हसली. तोही हसला आणि म्हणाला, "काका, शत्रूची गरजच नाही की!" मग लीना आसनावरून उठली आणि तिचा कासोटा सुटला. ती मटकन खाली बसली, पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

"पिना लावू," भावजी म्हणाले.

"माझी मुलगी पिनांच्या भरवशावर लोकांपुढे उभी राहणार नाही," मनोहरराव म्हणाले.

पुरुषांना घरची धोतरं चालली असती. अडलं होतं लुगड्याशी. आमच्या बायका केव्हाच पाचवारीत आल्या होत्या. नऊवारी एकच होती, माझ्याजवळ. सासूबाईंचं रेशमी लुगडं, माझं सोवळ्याचं. ते नेसूनच गौरींचा नैवेद्य करायचा होता. ते रंगाच्या हातांनी हाताळायचं, रंगभूमीवर लोळवायचं? भावजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मागितलं नाही. मी दिलं नाही. देवाचं नाव घेत खाली बघत उभी राहिले.

नाटक झालं नाही. तिसऱ्या दिवशी घरच्या कपड्यांतला एक फार्स झाला. भावजी विंगेत आले नाहीत. पुन्हा कधीच नाहीत. त्रेपन्न साली नोकरी संपली, तसे ते पुतण्याकडे नागपूरला गेले. त्या गुलाबी कपड्यांची पेटी माझ्याकडे ठेवली. दर दसऱ्याला पत्र यायचं: "वहिनी, कसर लागली नाही ना?" मी लिहायची, "नाही." खरंच नव्हती लागली.

आज कार्ड वाचून पेटी उघडली. गुलाबी नऊवारी काढली, घरात कुणी नव्हतं, म्हणून नेसायला घेतली. हातानं सवयीनं आधी कमरेला सुती पट्टा बांधला. रेशीम निसटतं म्हणून सासूबाईंनी तो बांधायला शिकवलं होतं. पंचवीस वर्षं रोज सोवळ्याखाली बांधते. कासोटा खोचला. बसले, उठले, वाकले, नमस्कार घातला. हलला नाही.

त्या दुपारी कमरेला बांधायला एक सुती चिंधी पुरली असती. मी जवळ उभी होते, पण माझं सगळं लक्ष माझं लुगडं कसं वाचवावं याकडे होतं.

आता कुणाला लिहू? तशीच नेसून दिवेलागणी केली. कासोटा अजून जागच्या जागी आहे.