मोफत वकिलाची पारख

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तडकतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमचा कोर्ट ड्युटीचा हवालदार म्हणाला, "साहेब, केळझरकडची एक बाई दर तारखेले येऊन राह्यली. पोरगा कापूसचोरीत आत हाय. फुकट वकील देणाऱ्या संस्थेनं केस घेतली म्हणते, पण वकील कोणी पाह्यलाच नाई."

आरोपीच्या वकिलाची काळजी पोलिसाने करावी, यावर ठाण्यात हशा झाला. मला हसू आलं नाही. असल्या गुन्ह्यात जामीन सहसा होतो, आणि हा पोरगा महिनोन्‌महिने आत होता. मधल्या काळात त्याचा बाप वारला, अग्नी पुतण्याने दिला.

कोर्टाची परवानगी काढून तुरुंगात गेलो. न्यायाधीशांनी सरकारी खर्चाने वकील देऊ केला होता, पोरानेच नको म्हटलं होतं. दुसरा घेतला तर आपला वकील रागावून केस सोडेल, असं आईने बजावलेलं. त्याच संस्थेवर भिस्त ठेवून बसलेले आणखी कैदी तिथेच निघाले. वकिलाचं तोंड एकानेही पाहिलं नव्हतं.

संस्थाचालकाला ठाण्यात बोलावलं. काळा कोट, गोड बोलणं. आधी त्याने मलाच कायदा शिकवला. वकिलीची सनद मागितली, तेव्हा घाम पुसू लागला. सनद त्याच्याकडे नव्हती आणि संस्थेत एकही वकील नव्हता. मग संस्थेला सरकारी मान्यता कशी मिळाली, असं विचारलं.

"तपासणीवाले आलते साहेब. शिबिराचे फोटो पाह्यले, शाल-श्रीफळ घेतलं, चहा घेतला. सनद कोणी इचारलीच नाई."

असले भामटे मी पुष्कळ पाहिले होते. संताप आला तो तपासणीवाल्यांचा. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. इथे फोटो बघून भागलं.

गुन्हा दाखल केला आणि विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकीलबाईंना घेऊन त्या आईच्या घरी गेलो. माय म्हणेल तरच वकीलपत्रावर सही करीन, असं पोराचं म्हणणं होतं. तिने बाईंचा कोट निरखला.

"त्या संस्थावाल्याच्याबी अंगात असाच कोट होता साहेब. ह्या खऱ्या हायेत, हे मी कसं वळखू?"

वकीलबाई हलकेच म्हणाल्या, "मी सकाळी तुमच्या पोराले भेटून आली, माय. तो इचारत होता, बापाले शेवटचं पाणी कोणं पाजलं?"

माय पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, "मी पाजलं. सांगजो त्याले."

जामीन लवकरच झाला. बाप काही त्या जामिनाने परत येणार नव्हता.

हल्ली अशा संस्थांच्या तपासणीला मला कधीमधी बोलावतात. मी आधी तुरुंगात जाऊन कैद्यांना विचारतो, तुमच्याकडे कोण आलं होतं? संस्थेच्या कार्यालयात त्यानंतर जातो. शाल घेत नाही.