बोटभर बाहेर

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींची एक खिडकी होती. तिच्यामागे बसणाऱ्या बाईला सगळं गाव दगडाबाई म्हणायचं. नळाला पाणी आलं नाही, गढूळ आलं, शेजाऱ्याला जास्त आलं, की लोक तावातावाने तिच्यासमोर येऊन उभे राहायचे. कुणी काच बडवायचं, कुणी तिचं खानदान काढायचं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि सपाट आवाजात विचारायची, "घर नंबर?" समोरचा आणखीच भडकायचा. पण ती कधी खुर्ची सोडून उठली नाही, की कुणावर ओरडली नाही.

ही झाली नोकरी. जीव अडकला होता तो टेनिसच्या लाल मातीत. लहानपणी ती गावच्या क्लबवर खेळायची आणि बरं खेळायची. मग गुडघा कामातून गेला. खेळ सुटला, पण कोर्ट सुटेना. आधी ती रेषेवर उभी राहून चेंडू आत की बाहेर ते सांगायला लागली, पुढे परीक्षा देऊन उंच खुर्चीतली अंपायर झाली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. भावाचं क्लबच्या फाटकाला लागूनच छोटं दुकान होतं, रॅकेटचं गटिंग करून, म्हणजे तारा विणून देण्याचं.

क्लबवर दरवर्षी पुरुषांची आणि महिलांची व्यावसायिक स्पर्धा भरायची. देशोदेशीचे खेळाडू यायचे. दगडाबाई तेवढे दिवस रजा टाकायची. संध्याकाळी घरी यायची ती विटकरी मोज्यांनी. भावजय दारातच अडवायची, "ताई, ते आधी बाहेर झटका. घरात विटांचा भट्टा नकोय मला." पण हसत म्हणायची. त्या वर्षापर्यंत हसत म्हणायची.

त्या वर्षी गावची मुलगी पहिल्यांदाच महिलांच्या उपांत्य फेरीत पोचली. तिचा बाप क्लबचा मुख्य प्रशिक्षक. त्याला सगळे 'सर' म्हणायचे, वयाने मोठे असणारेसुद्धा. सरांचा शब्द क्लबवर खाली पडत नसे. त्यांच्या सगळ्या शिष्यांच्या रॅकेटा भावाच्या दुकानात यायच्या. आणि मुलीला गाव नुसतं 'आपली पोर' म्हणायचं.

सामन्याच्या सकाळी ठरलेला अंपायर पोटाने आडवा झाला. अंपायरांच्या प्रमुखाने दगडाबाईला बोलावलं.

"तुम्ही बसाल?"

"मी याच गावची आहे. माझ्या भावाचं दुकान तिच्या वडलांवर चालतं. आधीच सांगून ठेवते."

"बाकीचे पुरुषांच्या सामन्यांना लावलेत. दुसरं कुणी नाही. बसू शकाल की नाही तेवढं बोला."

"बसू शकेन."

समोरची खेळाडू दूरच्या देशातली, उंच, डावखुरी. तिच्या प्रशिक्षकाला हे कळलं तेव्हा तो दगडाबाईच्या तोंडावरच म्हणाला, "गावची मुलगी आणि गावचीच अंपायर! मग आम्ही बॅगा भरायला घेतो." दगडाबाईने टोपी नीट केली आणि शिडी चढून खुर्चीत बसली.

स्टँड खच्चून भरलं होतं. पोरीने मारलेला साधा फटकाही लोक डोक्यावर घेत होते. डावखुरीने सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला की नेमकं कुणीतरी खाकरायचं. दगडाबाईने माइकवरून दोनदा शांत राहायला सांगितलं. दुसऱ्यांदा मागून आवाज आला, "पाणी सोड आधी!" आणि सगळं स्टँड खो खो हसलं. तोवर ते हसणं आपुलकीचं होतं.

शेवटच्या सेटमध्ये पोर मॅच पॉइंटवर आली. लांबलचक रॅली झाली. पोरीने धावत येऊन रेषेला समांतर असा फटका काढला, की डावखुरी जागच्या जागी खिळली. रेषेवरच्या पंचाने हात खाली ठेवला, म्हणजे चेंडू आत. पोर गुडघ्यांवर कोसळली आणि तिने दोन्ही हात आभाळाकडे केले. अख्खं स्टँड उभं राहिलं. सर शेजारच्या माणसाला मिठी मारून रडत होते.

डावखुरी मात्र हस्तांदोलनाला आली नाही. ती मातीतल्या एका खुणेशेजारी उभी राहिली आणि तिने रॅकेटने खाली दाखवलं.

दगडाबाई खुर्चीतून उतरली. लोकांना आधी कळेचना ही कुठे निघाली. कळलं तसा आवाज बसला, आणि मग वेगळाच आवाज सुरू झाला. "वर बस! खेळ संपलाय!" ती खुणेपाशी जाऊन वाकली. लाल मातीवर चेंडू लांबट ठसा सोडतो. हा ठसा ताजा होता, आजूबाजूला दुसरा नव्हता. ठसा आणि पांढरी पट्टी यांच्यामध्ये बोटभर लाल माती जशीच्या तशी होती.

तिने तर्जनी वर केली. बाहेर.

पुढचा गोंधळ क्लबने कधी पाहिला नव्हता. कागदी पेले आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, एक छत्रीसुद्धा आली. सर स्टँडच्या पायऱ्या उतरत ओरडत होते, "फोटो काढा त्या खुणेचा! कॅमेरा आणा कुणीतरी!" तेवढ्यात पोर जाळी ओलांडून पलीकडे धावली आणि तिने बुटाने ती खूण घासून टाकली. दोनदा, तीनदा, पुरती सपाट होईपर्यंत.

"बिचारीचा तोल गेला," लोक म्हणाले. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला गेल्याबद्दल दगडाबाईने तिला ताकीद दिली. त्यावर तर लोक कुंपणापर्यंत आले. पोर त्यानंतर सगळेच गेम हरली. सामना संपल्यावर तिने डावखुरीशी हात मिळवला आणि अंपायरच्या खुर्चीकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा होता: 'घरच्याच माणसाने घात केला'. खाली दगडाबाईचा वाकलेला फोटो.

घरी भाऊ जेवायला बसला, पण ताटाला हात लावेना.

"ताई, खरं सांग. आत होता ना चेंडू?"

"बाहेर होता."

"किती?"

"बोटभर."

"बोटभर!" भावजय मध्येच म्हणाली. "त्या बोटभर जागेत आमचं दुकान गाडलंत तुम्ही. सरांचा माणूस येऊन सगळ्या रॅकेटा घेऊन गेला. विणत ठेवलेल्यासुद्धा. तारा लोंबकळत होत्या, तशाच नेल्या."

"पंचाने आत दिला होता," भाऊ म्हणाला. "तू बघून 'आत' म्हणाली असतीस, तर कोण तुला विचारणार होतं? खूण तर तिने पुसलीच!"

"आधी मी बघितली, मग तिने पुसली."

"तेच म्हणतोय मी. तू बघितलीस." भाऊ ताट सरकवून उठला.

कार्यालयातही तेच. लोक तक्रार नसतानाही रांगेत उभे राहायला लागले. खिडकीशी यायचे, एक वाक्य फेकायचे आणि जायचे. एकाने काचेच्या फटीतून लाल मातीची पुडी आत सारली. ती फुटून तिच्या कागदांवर सांडली. दगडाबाईने कागद झटकले आणि म्हणाली, "पुढचे." शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने डबा उचलून दुसऱ्या खोलीत जेवायला सुरुवात केली.

एकदा सर स्वतः आले. खिडकीसमोर न येता थेट आतल्या दारातून आले.

"तू या क्लबच्या मातीत वाढलीस," ते म्हणाले. "मी तुला रॅकेट धरताना बघितलंय. स्वतःला काही जमलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं जमू द्यायचं नाही. होय ना?"

"चेंडू बाहेर होता, सर."

"या गावात तू पुन्हा त्या खुर्चीत बसलीस, तर मी नावाचा प्रशिक्षक नाही."

आणि मग काही आठवड्यांनी, दुपारी खिडकी बंद करायच्या वेळेला, आपली पोर आली. तोंडाला रुमाल बांधून आली होती. कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं.

"मी खूण का पुसली ठाऊक आहे तुम्हाला?"

"राग आला म्हणून."

"नाही. बाबा फोटो काढायला खाली येत होते. तुम्ही वाकलात तेव्हाच मला लांबून दिसलं होतं, बाहेर आहे ते. त्यांनी बघितलं असतं, तर मॅच पॉइंटला मी चुकले हे त्यांना कळलं असतं. अंपायरने हरवलं तर त्यांना चालतं. मी चुकलेलं चालत नाही. तुम्हाला नाही माहीत घरी काय होतं ते."

दगडाबाईने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मग जाऊन सांग त्यांना."

"नाही सांगू शकत."

"पेपरवाल्यांना सांग."

पोरीने नकारार्थी मान हलवली.

"मग इथे कशाला आलीस?"

"झोप लागत नव्हती. म्हटलं, निदान तुम्हाला तरी…"

त्या दिवशी दगडाबाई पहिल्यांदा ओरडली. बाहेरचा शिपाई दचकून उठला इतकी ओरडली. "मला सांगून काय करणार? मला माहीतच आहे! मी वाकून बघितलंय! तुझं ओझं माझ्यावर टाकून आज तुला छान झोप लागेल. माझ्या भावाचं दुकान बसलंय, लोक माझ्यावर माती टाकतात, आणि तू रुमाल बांधून येतेस? चल, नीघ!"

पोर रडत गेली.

दगडाबाईने घरी जाऊन हे भावाला सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. भावाचा चेहरा उजळला. दुकान परत उभं राहील या आशेने तो तसाच उठून सरांकडे गेला. सरांनी क्लबच्या व्हरांड्यात चार लोकांदेखत मुलीला बोलावलं आणि विचारलं. मुलीने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी त्यांना भेटलेलेच नाही."

भाऊ परत आला तो चप्पल न काढताच मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "निर्णय चुकला, तर चुकला म्हणायचं. पण वर पोरीच्या नावाने खोटं रचलंस? चार लोकांत माझं हसं केलंस."

"मी खोटं रचलं?"

"मग ती खोटं बोलली का? बापासमोर?"

दगडाबाईने त्याच आठवड्यात खोली शोधली. इस्त्रीच्या दुकानावरची, खालून दिवसभर वाफ येणारी. सामान हलवताना भाऊ दुकानात होता, की मुद्दाम गेला होता, तिने विचारलं नाही.

पुढच्या वर्षी क्लबने तिला बोलवू नका असं कळवलं होतं. अंपायरांच्या प्रमुखाने ते मानलं नाही, तिला बोलावलं. पण दिलं ते कडेचं कोर्ट आणि पुरुषांचे पात्रता सामने. तिथेही माणसं निव्वळ शिट्ट्या मारायला यायची. ती खाली उतरली की हुर्यो व्हायचा, वर चढली की हुर्यो व्हायचा. एक तरुण खेळाडू वैतागून म्हणाला, "तुम्ही आहात तरी कोण? तुमच्यापायी मला सर्व्हिस करता येत नाहीये." ती म्हणाली, "तुमचा वेळ चालू आहे." सर मात्र प्रशिक्षकच राहिले.

आणखी एक हंगाम गेला, आणि आपली पोर बापाला सोडून गेली. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रशिक्षकाकडे. तिथे एका मुलाखतीत तिने सगळं सांगून टाकलं. चेंडू बाहेर होता, खूण तिने बापाच्या भीतीने पुसली, नंतर अंपायरबाईंना भेटली आणि ते नाकारलं. स्थानिक पेपराने ही बातमी आतल्या पानावर, हवामानाखाली छापली. सर म्हणाले, पोरीला कुणीतरी फितवलंय, आणि कुणी ते गावाला माहीत आहे. खिडकीशी येऊन कुणी माफी मागितली नाही. फक्त त्या कारकुनाचा डबा परत शेजारच्या टेबलावर आला.

रविवारी भाऊ आणि भावजय इस्त्रीवाल्याच्या जिन्याने वर आले. दगडाबाईने चहा टाकला. खुर्ची एकच होती, तिच्यावर भावजय बसली. भाऊ उभाच.

"चल घरी," तो म्हणाला. "खोली तशीच आहे तुझी."

"आज का?"

"अगं, आता सगळ्यांना कळलं ना, खरं काय ते."

"तुला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. जेवताना."

"ताई, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा सगळं गाव…"

"गावाचं सोड. गाव माझ्या हातचं जेवत नव्हतं." तिने कप त्याच्या हातात दिला. "सख्ख्या बहिणीवर विश्वास ठेवायला तुला पेपरात छापून यावं लागलं. ते मी विसरीनही कदाचित. पण एका घरात राहून विसरता येणार नाही मला."

भावजय डोळे पुसायला लागली. भावाने चहा घशाखाली ओतला आणि कप कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून राहिला. थोड्या वेळाने दोघं निघाले. जिन्याच्या वळणावर तो थांबला. ती हाक मारेल असं त्याला वाटलं असावं. तिने दार लावून घेतलं होतं.

ती अजून त्याच खोलीत राहते आणि त्याच खिडकीत बसते. भावाच्या दुकानात रॅकेटा पुन्हा यायला लागल्यात. रस्त्यात भेटली तर तो थांबतो, तीही थांबते. तब्येतीचं विचारतात, आणि आपापल्या दिशेने जातात.